वंशावळीतील रिकाम्या जागा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनप्रसंगी दौंड येथे दिलेले व्याख्यान)



आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे व आयुष्य गेले ते प्राथमिक शाळेतील खडू-फळ्याच्या सहवासात. तेव्हा विद्वत्तेचा दावा आमच्यापाशी नाही. मात्र जुने कागद वाचण्याची हौस आहे, आणि त्या हौसेच्या बळावरच हा विषय आपल्यापुढे मांडीत आहोत.

आपल्या ज्ञातीचा कुलवृत्तांत सिद्ध करावा, असा ठराव गेल्या साधारण सभेत एकमताने झाला. ही मोठी आनंदाची गोष्ट होय. परंतु त्या ठरावास जोडून एक सूचना पुढे आली. ज्या घराण्यांस सात पिढ्यांचा लेखी पुरावा दाखविता येईल, त्यांचीच नावे ग्रंथात घ्यावीत, अशी ती सूचना होती. तिचा निर्णय अद्याप व्हावयाचा आहे. सूचना करणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता, यात शंका नाही. तथापि त्या सभेत अशी अनेक कुटुंबे बसली होती की, ज्यांचे पणजे दुष्काळात गाव सोडून, अथवा रेल्वेच्या कामामागे, रिकाम्या हाताने या दौंडात आले. त्यांच्यापाशी सनद नाही, महजर नाही, वतनाचा कागद नाही. ती मंडळी त्या दिवशी काहीच बोलली नाहीत. त्यांच्या वतीने, आणि सत्याच्याही वतीने, आज थोडे बोलावे असे आम्ही योजिले आहे.

पुराव्याचा प्रश्न आला की आपली दृष्टी मोठ्या घराण्यांकडे वळते. ठीक आहे. महाराष्ट्रातील सर्वांत थोर घराण्याचेच उदाहरण घेऊ. त्यासाठी आपणांस तालुक्याबाहेर जाण्याचेही कारण नाही. भीमेच्या काठी आपल्याच दौंड तालुक्यात हिंगणी बेर्डी हे गाव आहे. शिवछत्रपतींचे खापरपणजे नव्हेत, पणजेच, बाबाजी भोसले, यांच्याकडे या हिंगणी बेर्डीची व देऊळगावची पाटिलकी होती. सोलापूरच्या वाटेवर आगगाडीतून ज्या जिंती स्थानकाची पाटी आपण वाचतो, ते जिंती गावही भोसल्यांच्या जुन्या वतनांत मोडते. बाबाजींचे पुत्र मालोजीराजे व विठोजीराजे. पुढे हे कुटुंब वेरुळाकडे नांदले व निजामशाहीत नावारूपास आले. मालोजीराजांनी वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार केला, शिखर शिंगणापुरी यात्रेकरूंसाठी तलाव बांधविला. भीमेपलीकडील श्रीगोंद्याचे सावकार शेषो नाईक पुंडे यांचा व मालोजीराजांचा विश्वासाचा संबंध प्रसिद्धच आहे. येथपर्यंत जमीन बरीच घट्ट आहे.

पण बाबाजींच्या मागे कोण? हे कुळ मुळात कोठून आले? येथे मात्र पाय जपून टाकावा लागतो.

सर्वश्रुत परंपरा अशी की, १३०३ साली अल्लाउद्दीन खिलजीने चितोड घेतल्यानंतर मेवाडच्या सिसोदे राजकुळातील एक शाखा दक्षिणेत आली, आणि तिच्यापासून भोसले व घोरपडे ही घराणी झाली. ही परंपरा सांगणारी साधने एक नाही, अनेक आहेत. शहाजीराजांच्या आश्रयास असलेल्या जयराम पिंड्ये कवीच्या राधामाधवविलासचंपूत या कुळाचा संबंध राण्यांच्या वंशाशी जोडलेला आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी तो ग्रंथ १९२२ साली प्रसिद्ध केला. कवींद्र परमानंदाचे शिवभारत भोसल्यांस सूर्यवंशी म्हणते, परंतु घराण्याची कथा मालोजीराजांपासून सुरू करते. १६७४ साली रायगडी राज्याभिषेक झाला. त्यानंतर १६९७ च्या सुमारास राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून कृष्णाजी अनंत सभासदाने बखर लिहिली. तीत उत्तरेतून आलेल्या सिसोदे कुळाचा उल्लेख आहे.

यानंतरच्या वंशावळी अधिक लांब व अधिक तपशिलाच्या होत जातात. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरविले. कर्नल टॉड या इंग्रज अधिकाऱ्याने राजस्थानच्या इतिहासाचा पहिला खंड १८२९ साली छापला. त्यात मेवाडच्या अजयसिंहापासून शिवाजीमहाराजांपर्यंत नावांची माळ दिली आहे. तथापि त्या माळेत महाराजांच्या आधी शहाजीराजांचे नाव नसून संभाजी असे नाव आहे! ज्या पिढीविषयी कोणासही संशय नाही, तेथेच यादी चुकते. मग दहा पिढ्या मागे ती बिनचूक असेल, असे कोणत्या आधारावर मानावे? मुधोळच्या घोरपडे घराण्याकडील बहामनी काळची म्हणून सांगितली जाणारी फारसी फर्माने दत्तात्रेय विष्णु आपटे यांच्या ग्रंथातून १९३४ साली पुढे आली. त्यांत मधल्या पिढ्यांची नावे मिळतात. परंतु ती फर्माने अस्सल की मागाहून रचलेली, यावर इतिहासज्ञांत एकमत झाले नाही.

याउलट डॉ. रामचंद्र चिंतामण ढेरे यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या शिखर शिंगणापूरविषयीच्या ग्रंथात निराळीच दिशा दाखविली. भोसल्यांचे कुलदैवत शंभुमहादेव, त्याची दक्षिणेकडील परंपरा व भोसले या नावाचे रूप यांवरून हे कुळ कर्नाटकातील होयसळांशी संबंधित असावे, असा त्यांचा विचार. म्हणजे एक मत उत्तरेकडे बोट दाखविते, दुसरे दक्षिणेकडे.

आम्ही या वादात निवाडा देऊ इच्छीत नाही. आम्हांस सांगावयाचे ते एवढेच की, ज्या घराण्यासाठी कवींनी काव्ये रचली, बखरकारांनी लेखणी झिजविली व राजांनी दगडी भिंती कोरविल्या, त्या घराण्याच्या वंशावळीतही पाटिलकीच्या मागे गेल्यावर रिकाम्या जागा राहतात. त्या जागांमुळे शिवछत्रपतींच्या थोरवीत तिळभरही उणे येत नाही. स्वराज्य त्यांनी स्वतःच्या कर्तृत्वाने उभारले, पणजाच्या पणजाच्या नावाने नव्हे. जेथे छत्रपतींच्या घराण्याची ही कथा, तेथे आपण तुम्ही-आम्ही एकमेकांकडे सात पिढ्यांचा पुरावा मागणे कितपत शोभते, याचा विचार व्हावा.

आता कोणी म्हणेल, मग पुराव्यास काही अर्थच नाही काय? अर्थ आहे, मोठा आहे. त्याचेही उदाहरण याच घराण्यात सापडते. शिवजन्माची तिथी पूर्वी वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, अशी मानली जात असे. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली प्रसिद्ध केली. तीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, अशी नोंद निघाली. पुढे १९२७ साली छापून आलेल्या शिवभारतात तीच तिथी आढळली. जोधपुरास मिळालेल्या जन्मपत्रिकेनेही तिला दुजोरा दिला. ही तीन साधने तीन ठिकाणची, एकमेकांवरून उतरलेली नव्हेत. म्हणून त्यांच्या साक्षीस वजन आले, आणि २००१ साली महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० हा दिनांक स्वीकारला. दहा कागद एकाच कागदाची नक्कल असतील तर साक्षीदार एकच, आणि तीन कागद स्वतंत्र असतील तर साक्षीदार तीन, हा धडा यातून घ्यावयाचा.

परदेशातही हीच स्थिती आहे. एकोणिसाव्या शतकात लक्षावधी जर्मन कुटुंबे अमेरिकेत जाऊन वसली. आज त्यांचे पणतू-खापरपणतू आपले मूळ गाव शोधीत असतात. ज्यांचे पूर्वज हांबुर्ग बंदरातून गेले, त्यांचे दैव बरे. तेथील उतारूंच्या १८५० ते १९३४ पर्यंतच्या याद्या बऱ्याच अंशी राहिल्या आहेत. ब्रेमेनहून गेलेल्यांच्या याद्या मात्र जागेच्या अडचणीमुळे व पुढे युद्धामुळे बहुतेक नष्ट झाल्या. एका बंदराचे कागद राहिले व दुसऱ्याचे गेले, म्हणून दुसऱ्या बंदरातून गेलेला मनुष्य कमी कुळाचा ठरतो काय? त्या लोकांत एक समजूत आहे की, न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरील कारकुनांनी आमची आडनावे बदलली. अभ्यासक सांगतात की, उतारूंच्या याद्या निघण्याच्या बंदरातच लिहिल्या जात. पुष्कळांनी म्युलरचे मिलर व श्मिटचे स्मिथ नंतर स्वतःच्या सोयीने केले. घरात सांगितलेली गोष्ट प्रेमाने ऐकावी, पण कागदाशी ताडून पाहावी, हे तेथेही शिकावे लागते.

आता आपल्या घरातील साधनांकडे येऊ. कोणताही कागद हाती आला की तीन प्रश्न विचारावेत. तो कोणी लिहिला? घटनेनंतर किती काळाने लिहिला? आणि कशासाठी लिहिला? यांतील तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होय.

इनामदारांच्या दप्तरांत ज्या वंशावळी सापडतात, त्यांतील पुष्कळ १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनपुढे हक्क शाबीत करण्यासाठी दिलेल्या आहेत. हक्कदार तेवढे त्यांत उतरले. लेकी गळाल्या, निर्वंश झालेले भाऊ गळाले, आणि दत्तक पुत्र पुत्र म्हणूनच दाखल झाला. नाशिक, त्र्यंबकेश्वर अशा क्षेत्रींच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचे मोल फार, कारण तेथे यात्रेकरू स्वतः आपले, वडिलांचे, आजोबांचे नाव व गाव सांगतो. परंतु त्या वहीत येण्यासाठी मुळात यात्रेस जाण्याची ऐपत असावी लागते. भाटांच्या वह्या ऐकावयास गोड. मात्र बिदागी देणाऱ्याच्या घराण्यास त्यांत उणे कसे निघावे? शाळेच्या दाखलखारिज रजिस्टरची गोष्ट तर शिक्षकांस ठाऊकच आहे. जुन्या रजिस्टरांत निम्म्याअधिक गावाचा जन्म १ जूनचा! आईबापांस तिथी आठवे ती आखाडात की पोळ्याच्या आसपास, आणि रकाना तर रिकामा ठेवता येत नसे. तो दिनांक खोटेपणाने लिहिलेला नव्हे. मूल शाळेत बसावे म्हणून लिहिलेला आहे, आणि तसाच तो वाचला पाहिजे.

बायकांच्या नावांची तर दैनाच. फलटणच्या निंबाळकर घराण्यातील कन्या व मालोजीराजांची पत्नी, शिवछत्रपतींची साक्षात आजी. त्यांचे नावही कोठे उमाबाई, तर कोठे दीपाबाई असे सांगितले जाते. मग आपल्या पणज्यांची नावे कोठे मिळावयाची? ती कागदात नाहीत, पण घरोघरच्या म्हाताऱ्या आत्यांच्या व मावश्यांच्या तोंडी अजून आहेत. आम्ही तरुणांस आग्रहाने विनवितो की, दप्तरखान्यात जाण्यापूर्वी त्यांच्यापाशी बसा. दप्तरे थांबतील, आत्याबाई थांबणार नाहीत.

राहता राहिली ती स्थलांतर करून आलेली घराणी. १८७६ ते ७८ चा दुष्काळ या भागाने भोगला. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग खुला झाला व दौंड जंक्शन झाले. तेव्हापासून कोठकोठली माणसे येथे पोटामागे आली. त्यांनी आपल्या पोराबाळांस जगविले, शिकविले. कोणाचे आडनाव मूळ गावावरून पडले, कोणाचे धंद्यावरून. आज सोयरीक जुळविताना त्यांच्या नातवंडांस विचारले जाते, तुमचे मूळ कोठले? उत्तर येत नाही, आणि बोलणे तेथेच थांबते. त्यांच्या मौनास आपण उणेपणा समजतो. वस्तुतः ती घराण्याची उणीव नव्हे. ती कागदाची उणीव आहे, आणि त्या कागदाच्या पलीकडे दुष्काळ उभा आहे. आणखी एक धोका सांगतो. सात पिढ्यांची अट घातली की सात पिढ्या तयार होतील! कोणी भाट गाठील, कोणी दूरच्या सनदेस आपले नाव चिकटवील. सत्य सांगणारा वगळला जाईल, आणि रचलेले सांगणारा छापला जाईल. कुलवृत्तांताचा याहून मोठा घात दुसरा नाही.

यास्तव मंडळापुढे आमची नम्र सूचना अशी. ज्ञातीतील प्रत्येक कुटुंबाची नोंद ग्रंथात यावी, मग ती एका पिढीची का असेना. प्रत्येक नावापुढे खूण असावी: कागदावरून सिद्ध, घरच्या सांगण्यावरून, अथवा तर्काने. जेथे काहीच मिळत नाही तेथे जागा कोरी सोडावी, आणि ती कोरी सोडण्यात कमीपणा मानू नये. सासरमाहेरच्या नावांसह स्त्रियांची नोंद व्हावी. ज्यांच्यापाशी मोडी कागद असतील त्यांनी ते मंडळास दाखवावेत. मूळ कागद घरीच राहावा व नक्कल तेवढी द्यावी. पुण्यास १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाची प्रेरणा हीच होती. राजवाड्यांनी गावोगाव पायी हिंडून माळ्यांवरचे व हडप्यांतले कागद वाचविले, म्हणून आज आपणांस इतके तरी ठाऊक आहे.

कोरी जागा पुढच्या पिढीस बोलावीत असते. उद्या एखादा मुलगा नाशिकच्या वहीत आपल्या पणज्याचे नाव शोधून काढील व ती जागा भरील. पण आपण तेथे खोटे नाव लिहून ठेवले, तर तो शोधावयास जाणारच नाही. ज्या कुटुंबांनी गतवर्षी मौन पाळले, त्यांनी यंदा आपली वही उघडावी. तीत एकच पान लिहिलेले असले तरी ते मंडळास हवे आहे.