पाहुणे आपल्या घरी, मालकीही आपलीच

जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या गटाच्या अकरा जणी पुरुषवाडीला दोन दिवस मुक्कामाला जाऊन आलो. अकोले तालुक्यातलं हे महादेव कोळी समाजाचं डोंगरातलं गाव.

का गेलो ते सांगतो. आमच्या गावात रस्त्याकडेच्या जमिनींना शहरातली गिऱ्हाइकं येऊ लागलीत. म्हणतात, रिसॉर्ट बांधू, तुमच्या बायकांना काम देऊ. काम म्हणजे भांडी घासण्याचं, तेही आपल्याच शेतात! आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय बिगर-आदिवासीला विकता येत नाही. पण आमच्यातल्या बाकीच्या घरांना ती आडकाठी नाही. बैठकीत दोघी म्हणाल्या, विकून मोकळं होऊ. आम्ही म्हटलं, आधी बघून तर येऊ.

पुरुषवाडीत आम्ही गावातल्याच घरी उतरलो. बाहेरची एक संस्था पाहुण्यांची नोंदणी करते, पण घर, शेत, चूल गावकऱ्यांची. पाहुणे घरोघरी वाटून दिले जातात. आमच्या मावशींनी तांदळाची भाकरी, पिठलं आणि ठेचा वाढला. आम्ही भांडी घासायला उठलो तर म्हणाल्या, "बसा गं, आज तुम्ही पाहुण्या."

रात्री काजवे बघायला गेलो. पावसाच्या तोंडावर हिरडा, बेहडा, जांभळाची झाडं नुसती लुकलुकत होती. वाट दाखवणाऱ्या पोरानं आधी बॅटऱ्या बंद करायला लावल्या. काजवा उजेडानंच जोडीदाराला बोलावतो. आपला झोत पडला की ती खूण हरवते. झाड राहिलं तर काजवा, काजवा राहिला तर पाहुणा.

मावशींना विचारलं, त्रास होत नाही का? म्हणाल्या, "होतो की. पाहुणे असले की पहाटे चारला उठते. पण ते पैसे माझ्या हातात येतात."

पार पेरू देशात, तांबोपाता नदीकाठी, एसे-एहा आदिवासींच्या एका गावानं १९९६ मध्ये कंपनीशी वीस वर्षांचा करार केला. जंगलातल्या पाहुणेघराचा नफा ६० टक्के गावाला, ४० टक्के कंपनीला. तोवर काम शिकून घ्यायचं आणि पुढे कारभारही गावानंच बघायचा. म्हणजे बाहेरच्याची मदत घेता येते, जमीन न देता.

परतताना गाडीतच आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. पैसे राबणाऱ्या बाईच्या खात्यावर जमा व्हायचे. पाहुण्यांची पाळी गटानं लावायची. आणि पाहुणे असतील त्या दिवशी पाणी भरणं, सरपण आणणं घरातल्या पुरुषांनीही वाटून घ्यायचं. ही तिसरी गोष्ट घरी सांगितली तेव्हा बरीच कुरकुर झाली, पण आम्ही मागे हटलो नाही.

त्या दोघींनी अजून सही केलेली नाही. पुढच्या हंगामात दोन घरांपासून सुरुवात करून बघू, म्हणतायत. तुमच्याही गावात गिऱ्हाईक आलं असेल, तर सही करण्याआधी गटात बोला. जमीन एकदा गेली की परत येत नाही, बायांनो.