थायरॉईडचा रिपोर्ट समजून घेताना

(संस्थेच्या आरोग्यविषयक सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. कला शाखेची पदवीधर असून बँकेत कारकून आहे. त्यामुळे औषधोपचार सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु आकड्यांचा कागद हाती आला की तो नीट वाचावा, न कळल्यास विचारावे, ही सवय आमच्या कामाने आम्हाला लावली आहे. थायरॉईडच्या रक्ततपासणीचा कागद आज आपण तसाच वाचू या.

गळ्याच्या पुढच्या भागात फुलपाखराच्या आकाराची थायरॉईड ग्रंथी असते. अन्नातील आयोडीन वापरून ती दोन संप्रेरके तयार करते. ज्यात आयोडीनचे चार अणू ते टी-४ आणि ज्यात तीन ते टी-३. शरीराचे व्यवहार किती वेगाने चालावेत हे त्यांच्यावर अवलंबून असते. टी-४ म्हणजेच थायरॉक्सिन. एडवर्ड केंडॉल या अमेरिकन शास्त्रज्ञाने ते १९१४ साली शुद्ध स्वरूपात वेगळे केले.

रिपोर्टातील तिसरे नाव टी.एस.एच. हे थायरॉईडमध्ये नव्हे, तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत तयार होते. थायरॉईडला 'काम कर' असे सांगणारा हा निरोप होय. येथेच अनेकांचा गैरसमज होतो. टी.एस.एच. वाढले म्हणजे थायरॉईड जास्त काम करते, असे त्यांना वाटते. बहुधा वस्तुस्थिती उलट असते. बँकेच्या शाखेचे काम तुंबले की मुख्य कार्यालयाची स्मरणपत्रे वाढतात. तसेच हे आहे.

प्रौढांमध्ये टी.एस.एच. साधारण ०.४ ते ४ असते. प्रयोगशाळेनुसार थोडा फरक पडतो, म्हणून रिपोर्टात शेजारी छापलेली मर्यादा पाहावी. आता आकडे एकत्र वाचू. टी.एस.एच. जास्त आणि टी-४ कमी असेल तर ग्रंथी मंदावली आहे. टी.एस.एच. थोडे जास्त, पण टी-४ ठीक असेल तर ती सुरुवात असू शकते. अशा वेळी डॉक्टर पुष्कळदा काही काळाने पुन्हा तपासणी करायला सांगतात. टी.एस.एच. फार कमी आणि टी-४ किंवा टी-३ जास्त असेल तर ग्रंथी अति काम करते आहे. टी-४ कमी असूनही टी.एस.एच. वाढलेले नसेल, तर दोष स्मरणपत्र पाठवणाऱ्या पिट्युटरीतच असू शकतो. म्हणून एकाच आकड्यावरून निर्णय करू नये.

मंदावलेल्या ग्रंथीची लक्षणे कोणती? सतत थकवा, थंडी न सोसणे, वजन वाढणे, केस गळणे, बद्धकोष्ठ, विसराळूपणा, पाळीच्या तक्रारी. हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत पुष्कळ अधिक आढळतो. आपल्या घरांत अशा बाईला 'आळशी' म्हणून मोकळे होतात. ती पहाटे उठून पाणी भरते, डबे करते, कामावर जाते आणि वर बोलणीही खाते. अभ्यासात अचानक मागे पडलेल्या मुलामुलींचेही तसेच. प्रत्येक थकवा थायरॉईडचा नसतो; पण नाव ठेवण्याआधी एक तपासणी करून घ्यायला काय हरकत आहे?

दुसरी गोष्ट गोळीची. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून काही जण गोळी बंद करतात. बंधू-भगिनींनो, रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळेच! रक्तातील टी-४ निम्मे व्हायला सुमारे सात दिवस लागतात. त्यामुळे गोळी सोडल्याचा त्रास लगेच जाणवत नाही, काही आठवड्यांनी जाणवतो. याच कारणाने मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी करतात. गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी, चहा-नाश्ता अर्ध्या ते एका तासाने. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या आणि ही गोळी यांत चार तासांचे अंतर ठेवावे. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीपूर्वी तसे सांगावे. त्याने काही यंत्रांवर आकडे चुकीचे येतात.

गरोदरपणी ही गोळी मनाने कधीही बंद करू नये. त्या काळात गरज वाढते आणि मर्यादाही वेगळ्या असतात. पहिल्या महिन्यांत गर्भाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉक्सिनवर अवलंबून असते. काही बाळांची ग्रंथी जन्मतःच काम करत नाही आणि बाळ वरून निरोगी दिसते. पहिल्या काही दिवसांत टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन हे कळते. पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाले तर बहुतेक मुलांची बुद्धी सर्वसामान्यपणे वाढते. उशीर झाला तर झालेले नुकसान पुरते भरून येत नाही. ही तपासणी सगळीकडे आपोआप होत नाही. म्हणून बाळंतपणानंतर घरच्यांनी न लाजता विचारावे, "बाळाची थायरॉईड तपासणी झाली का?"

विद्यार्थी मित्रहो, आपल्या घरात रिपोर्ट वाचता येणारे बहुधा तुम्हीच असता. आईचे सर्व रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाईलीत लावा. पासबुकातल्या एका नोंदीवरून खाते कळत नाही, मागच्या नोंदीही पाहाव्या लागतात. ती फाईल घेऊन आईबरोबर डॉक्टरांकडे जा आणि न समजलेले विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.