उभी विमाने आणि राखलेली माणसे
(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



'संस्थेची पुढील वाटचाल' हा विषय मला दिला गेला आहे. त्यावर बोलण्यापूर्वी मी आपल्याला काही काळ सिंगापूरला नेणार आहे. भूगोल शिकवता शिकवता विमानमार्गांच्या नकाशांचे मला थोडे वेड लागले, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण ओघात स्पष्ट होईल.

टाळेबंदीनंतर मे २०२०च्या अखेरीस आपल्याकडे देशांतर्गत विमाने पुन्हा उडू लागली. सिंगापूर एअरलाइन्सला ती सोय नव्हती. सिंगापूर हे एक शहर आणि तेच एक राष्ट्र. तेथून विमान उडाले की ते परदेशातच उतरायचे. जगाच्या सीमा बंद होताच मार्च २०२०मध्ये या कंपनीला आपली ९६ टक्के उड्डाणक्षमता कमी करावी लागली. तिची आणि तिच्या सिल्कएअर या उपकंपनीची मिळून १४७ विमाने होती. त्यांपैकी सुमारे १३८ जमिनीवर उभी राहिली.

उभे विमान म्हणजे कुलूप घालून ठेवलेली सायकल नव्हे. सिंगापूरची हवा दमट. तिच्यात धातू आणि यंत्रे लवकर बिघडतात. म्हणून अनेक विमाने ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी, अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या कोरड्या प्रदेशात नेऊन ठेवली गेली. आठवीच्या वर्गात आपण वाळवंटी हवामानाची वैशिष्ट्ये पाठ करून घेतो. त्याचा असाही उपयोग असतो, हे मुलांना सांगायला हरकत नाही. पण कोरड्या हवेतही विमान नुसते सोडून देता येत नाही. इंजिनांची तोंडे झाकावी लागतात, आत ओलावा शोषणाऱ्या पिशव्या ठेवाव्या लागतात, एकाच जागी भार पडून टायर बिघडू नयेत म्हणून चाके अधूनमधून फिरवावी लागतात. वेग मोजणाऱ्या बारीक नळ्यांत गांधीलमाशा घर करतात, म्हणून त्याही झाकाव्या लागतात. न उडणाऱ्या विमानावरही रोज माणसे राबत असतात आणि त्यांचा पगार चालू असतो.

वैमानिकाचे कौशल्य तर त्याहून नाजूक. प्रवासी घेऊन उडायचे तर मागील ९० दिवसांत किमान तीन उड्डाणे आणि तीन अवतरणे झालेली असावी लागतात, असा जगभर रूढ असलेला दंडक आहे. आकाश बंद असताना ही अट सिम्युलेटरवर, म्हणजे विमानाच्या हुबेहूब प्रतिकृतीत बसून, पुरी करावी लागते. उत्पन्न शून्याजवळ आलेले असताना असा सराव चालू ठेवणे हिशेबनिसाला उधळपट्टीच वाटेल.

या कंपनीने सर्वांना राखले, असे मी म्हणणार नाही. सप्टेंबर २०२०मध्ये समूहातील सुमारे ४३०० पदे कमी केल्याचे तिने जाहीर केले. रिक्त जागा, नवी भरती थांबवणे आणि स्वेच्छानिवृत्ती वजा जाता सुमारे २४०० माणसांवर प्रत्यक्ष गदा आली. एकोणीस अवाढव्य एअरबस ए-३८० विमानांपैकी सात कायमची काढून टाकण्याचे ठरले. उरलेली माणसे मात्र टिकवण्याची खटपट झाली. काही केबिन कर्मचारी रुग्णालयांत मदतनीस म्हणून गेले, काहींनी सार्वजनिक ठिकाणी लोकांना अंतर राखण्यास सांगण्याचे काम केले. ऑक्टोबर २०२०मध्ये चांगी विमानतळावर उभ्या असलेल्या एका ए-३८०मध्येच भोजनगृह थाटले, आणि पहिल्या दोन दिवसांच्या जागा अर्ध्या तासात भरल्या. त्याने तोटा भरून निघणार नव्हताच. २०२०-२१चा तोटा सुमारे ४२७ कोटी सिंगापूर डॉलर होता. त्याआधी जून २०२०मध्ये भागधारकांकडून ८८० कोटी डॉलर उभे राहिले होते आणि पाठीशी टेमासेक ही सरकारी मालकीची गुंतवणूक संस्था होती. एवढा भक्कम आधार सर्वांना नसतो, हे मान्य करूनच पुढे गेले पाहिजे.

सप्टेंबर २०२१पासून लस घेतलेल्या प्रवाशांसाठी सिंगापूरच्या सीमा एकेका देशासाठी उघडू लागल्या. १८ नोव्हेंबरला ए-३८० पुन्हा लंडनकडे झेपावले. २०२२च्या आरंभी केबिन कर्मचाऱ्यांची भरती परत सुरू झाली. एप्रिलमध्ये निर्बंध बहुतांशी उठले, तेव्हा विमाने आणि माणसे बऱ्याच अंशी तयार होती. त्याच उन्हाळ्यात लंडनच्या हीथ्रो विमानतळाला दिवसाला एक लाखाहून अधिक प्रवासी सोडू नयेत, अशी मर्यादा घालावी लागली. प्रवासी होते, विमाने होती. सामान उचलणारी, तपासणी करणारी माणसे नव्हती. एकट्या ब्रिटिश एअरवेजने महामारीच्या काळात सुमारे दहा हजार नोकऱ्या कमी केल्या होत्या. सिंगापूर एअरलाइन्सने २०२२-२३मध्ये २१६ कोटी डॉलरचा, त्यावेळेपर्यंतच्या तिच्या इतिहासातला सर्वोच्च नफा मिळवला.

स्त्री म्हणून मला आणखी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. त्या कंपनीत गर्भवती झालेल्या हवाई सेविकेची नोकरी पूर्वी संपत असे. १५ जुलै २०२२पासून तिला काही काळ जमिनीवरचे काम घेता येते आणि प्रसूतीनंतर उड्डाणावर परतता येते. अनुभवी माणसांची चणचण भासू लागल्यावर हा न्याय सुचला असावा, अशी मला शंका आहे. पण सुचला हे बरे झाले.

आता आपल्या शाळेकडे येते. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळेलाही देशांतर्गत मार्ग नसतो. येथे मराठी घरांतील मुलांवाचून आपल्याला दुसरा विद्यार्थी नाही, आणि पहिलीचा वर्ग रोडावला आहे, हे आपण सर्व जाणतो. त्यामुळे 'मुले वाढली की मग शिक्षक नेमू' असा विचार कार्यकारिणीत मांडला गेला. त्यामागची काळजी प्रामाणिक आहे. जमाखर्चाची वही मीही पाहते. परंतु बालवर्गाला मराठी वाचन-लेखन शिकवणारी शिक्षिका या शहरात जाहिरात दिल्याबरोबर मिळत नाही. ती तयार व्हायला ज्येष्ठ बाईंच्या शेजारी दोन-तीन वर्षे बसावे लागते, आणि त्या ज्येष्ठ बाईच निवृत्त झाल्या तर कोणाच्या शेजारी बसायचे? मुले कमी असलेली ही वर्षे मला त्या शिक्षणाची वर्षे वाटतात. नव्या शिक्षिकेला अर्धा दिवस वर्ग आणि अर्धा दिवस ग्रंथालय किंवा शनिवारचे मराठी संस्कारवर्ग असे काम देता येईल. त्यातून इंग्रजी शाळांत गेलेली आपलीच मुले आठवड्यातून एकदा तरी या आवारात येतील.

आपल्यामागे टेमासेक नाही. माजी विद्यार्थी आहेत, आणि आज ते या सभागृहात मोठ्या संख्येने बसले आहेत, म्हणून हे येथे बोलते. एका शिक्षिकेचे तीन वर्षांचे वेतन, एवढीच माझी मागणी आहे. इमारतीच्या रंगरंगोटीसाठी जमलेल्या निधीतून ते भागावे, असे माझे मत मी कार्यकारिणीला लेखी कळवले आहे. बालवर्गाच्या दोन शिक्षिका येत्या मे महिन्यात निवृत्त होत आहेत. त्यांच्या जागांचा निर्णय पुढील बैठकीत व्हायचा आहे. आलेले अर्ज माझ्या कार्यालयात ठेवले आहेत. मेळावा संपल्यावर ज्यांना पाहायचे असतील त्यांनी अवश्य यावे.