वहिवाटीतल्या वास्तू

सातारा जिल्ह्याचे नाव काढले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे प्रथम किल्ले उभे राहतात, आणि ते साहजिकही आहे. प्रतापगड, अजिंक्यतारा, सज्जनगड यांची कैफियत मांडणारे अभिमानी वक्ते पुष्कळ आहेत. त्यांत माझी भर नको. आज मला बोलायचे आहे ते गडांच्या पायथ्याशी, कृष्णेच्या काठाकाठाने वसलेल्या खेड्यांतल्या वास्तूंविषयी: एखादा घाट, एखादा वाडा, एखादी विहीर, नदीत पाय सोडून बसलेले एखादे देऊळ. यांच्या दारी ना लढाया झाल्या ना तहनामे, म्हणून बखरकारांनी यांच्याकडे फारसे पाहिले नाही. परंतु अडीचशे-तीनशे पावसाळे अंगावर घेऊन त्या अद्याप उभ्या आहेत, आणि त्या कशाच्या बळावर उभ्या आहेत हा प्रश्न मला कोणत्याही लढाईइतकाच महत्त्वाचा वाटतो.

वाईपासून निघू. वाईच्या घाटावरचे ढोल्या गणपतीचे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी 1762 मध्ये बांधले. दर्शनाला येणारा बहुधा मूर्तीची भव्यता पाहून परततो. देवळाच्या पाठीमागे जाऊन पाहण्याची तसदी थोडेच घेतात. जे घेतात त्यांना दिसते की मागची भिंत सरळ नाही. ती माशासारखी निमुळती होत गेली आहे. आषाढ-श्रावणात कृष्णा फुगून आली म्हणजे तिचा लोंढा त्या टोकावर दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो. त्या अनाम गवंड्याने नदीला अडविण्याचा हट्ट धरला नाही. त्याने तिच्याशी तह केला, आणि तो तह दोहों पक्षांनी आजवर पाळला आहे. याच वाईत कृष्णाबाईचा उत्सव आळीआळीने होतो. ज्या घाटावर वर्षातून एकदा आपल्या आळीचा उत्सव मांडायचा, त्या घाटाची पायरी निखळली तर ती आळीच्या डोळ्यांत सलते, आणि सलते म्हणून ती पुन्हा बसविली जाते. जपणूक या शब्दाचा मूळ अर्थ मला तरी याहून निराळा वाटत नाही.

वाईहून थोड्याच अंतरावर मेणवली. औंधचे भवानराव त्र्यंबक पंतप्रतिनिधी आणि साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी 1768 मध्ये हे गाव नाना फडणविसांना दिले, आणि नानांनी तेथे नदीकाठी वाडा, घाट व देवळे उभारली. सहा चौकांचा हा वाडा पाहताना, ज्याच्या लेखणीच्या फटकाऱ्याने दिल्लीपासून श्रीरंगपट्टणापर्यंतची कारस्थाने हालत होती, त्या पुरुषाला विसाव्यासाठी हवी होती ती जागा किती साधी आणि किती सावलीची होती, याचे नवल वाटते. जाड भिंती, सागवानी खांब आणि भिंतींवर रंगविलेली देवादिकांची चित्रे. चौकातून चौकात जाताना उन्हाची तिरीप तेवढी बदलत जाते. येथेच नानांचे मोडी दफ्तर पिढ्यान्‌पिढ्या पडून होते. पुढे ते इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्या हाती आले आणि मेणवली दफ्तर या नावाने अभ्यासकांना परिचित झाले. कागद पुण्यास गेले, वाडा मात्र नानांच्या वंशजांकडेच राहिला, आणि घरच्या माणसांची ये-जा राहिली म्हणून तो वाडा राहिला. बंद कुलपाच्या आत वाळवी किती निर्वेधपणे राज्य करते हे ज्याने गावाकडचे बंद घर उघडले असेल त्याला सांगावयास नको.

वाड्यातून उतरलेल्या घाटावर मेणेश्वराच्या देवळापाशी एक घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती असून 1707 हे साल कोरलेले आहे. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तेथील चर्चांच्या घंटा विजयाच्या खुणा म्हणून देशावर आल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकरासही अशा घंटा आहेत. वसई पडली त्या वेळी नानांचा जन्मही झाला नव्हता, म्हणजे घंटेचे वय घाटापेक्षा पुष्कळ अधिक! ज्या मूर्तीपुढे ती प्रथम वाजली असेल ती मूर्ती, आणि आज ज्या देवापुढे ती आहे तो देव, यांच्यामधला प्रवास तिने कोणाच्याही परवानगीवाचून केला. तरीही तिच्यावरची मेरीची आकृती कोणी घासून काढली नाही, याचे श्रेय मी मेणवलीच्या गावकऱ्यांना देतो.

कृष्णेच्या वरच्या अंगास धोम. तेथील देवळासमोरचा नंदी कासवाच्या पाठीवर बसलेला आहे आणि सभोवती कुंड आहे. कुंडात पाणी असले म्हणजे कासव नंदीला घेऊन तरंगते आहेसे वाटते. खाली कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुली, रामशास्त्री प्रभुण्यांची जन्मभूमी, देवळांनी आणि समाध्यांनी भरलेली. या दोन्ही ठिकाणांसाठी एकेक स्वतंत्र भाषण हवे, म्हणून नुसता नमस्कार करून लिंबच्या विहिरीकडे वळतो.

साताऱ्याच्या उत्तरेस, हमरस्त्यापासून आत, लिंब गावच्या शेरेवाडीत बारा मोटेची विहीर आहे. शके 1641 ते 1646, म्हणजे 1719 ते 1724 या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधविली, असे तेथला शिलालेख सांगतो. भोवतालच्या आमराईस पाणी मिळावे एवढाच हेतू. पण त्या हेतूसाठी काय केले आहे पाहा! अष्टकोनी मुख्य विहीर सुमारे 110 फूट खोल आणि 50 फूट व्यासाची. तिच्यात उतरणारा जिना प्रशस्त. जिन्यावर, मुख्य विहीर आणि तिला जोडलेली दुसरी विहीर यांच्या मध्ये, कोरीव खांबांचा एक महालच उभारलेला. बारा मोटा एकाच वेळी चालत म्हणून हे नाव पडले. वैशाखातल्या दुपारी त्या महालात बसलेल्या माणसाला खालून पाण्याचा गारवा आणि वरून मोटांच्या नाड्यांची करकर, यांहून अधिक ऐश्वर्य काय हवे होते? मोटा गेल्या, नाडे गेले, पाणी मात्र राहिले. आणि पाणी राहिले म्हणून विहीर बुजविण्याची दुर्बुद्धी कोणास झाली नाही.

वहिवाटच या वास्तूंना जपते असे म्हणताना सरकारी संरक्षणाला मी नावे ठेवीत नाही. 1904 चा प्राचीन स्मारकांचा कायदा झाला नसता, आणि 1960 मध्ये महाराष्ट्राने आपला स्वतंत्र कायदा केला नसता, तर पुष्कळ काही गेले असते. परंतु यादीत नाव चढलेल्या वास्तूंपुरताच कायद्याचा हात पोचतो. खेड्यातली बहुतेक देवळे, पार, बारवा आणि वाडे यादीच्या बाहेर असून गावाच्या मर्जीवर जगतात. आणि खरे सांगायचे तर त्यांना भीती उपेक्षेची नाही, तितकी प्रेमाची आहे. गावाला चार पैसे आले, पुण्या-मुंबईस गेलेल्या मुलांनी वर्गणी पाठविली, की जीर्णोद्धाराची टूम निघते. काळ्या दगडावर तैलरंगाचे हात फिरतात, जुन्या फरशीवर गुळगुळीत लाद्या बसतात, आणि जोत्याचे सांधे सिमेंटने लिंपून टाकतात. मी अशा एका देवळात माझ्या लहानपणी हाताने चाचपलेली वेलबुट्टी शोधीत होतो. ती पिवळ्या रंगाच्या तीन थरांखाली बुजली होती, आणि शेजारचे गृहस्थ मला अभिमानाने नवे रूप दाखवीत होते. त्यांना काय बोलणार!

आपले जुने गवंडी चुना बैलांच्या घाण्यात मळून घेत. त्यात वाळू असे, गूळ असे, हिरड्याचे पाणी असे. असा चुना मऊ राहतो. भिंतीत शिरलेली ओल त्यातून बाहेर पडते, भिंत हलली तर तो तिच्याबरोबर थोडा हलतो. सिमेंट हटवादी. ते ओल आत कोंडून ठेवते, आणि कोंडलेली ओल मग विटेला व दगडाला आतून पोखरते. शिखरावर रुजलेल्या पिंपळाचेही तसेच: वरवर छाटलेले रोप पुन्हा जोमाने फुटते आणि मूळ सांध्यात खोल जाते, ते बोटभर असतानाच जपून काढावे लागते, आणि त्यासाठी दर पावसाळ्यानंतर कोणीतरी शिखरावर नजर टाकणारा हवा. हे काम खर्चाचे नाही, पण त्याची कोनशिला बसत नाही, उद्घाटन होत नाही, म्हणून ते मागे पडते.

तेव्हा श्रोतेहो, उद्या तुमच्या गावाहून देवळाच्या जीर्णोद्धारासाठी कोणी वर्गणी मागावयास आले, तर त्यांना विन्मुख धाडू नका. वर्गणी अवश्य द्या. फक्त पावतीवर एवढे लिहून घ्या की हे पैसे चुन्यासाठी आहेत, रंगासाठी नाहीत.