सायकल पाठवताय? भरपाईची तयारी आधी करा

पार्सलने पाठवलेली सायकल मोडून पोचली, तर भरपाई मिळेल का? याचं उत्तर बहुतेक वेळा खोका बंद करण्याआधीच ठरलेलं असतं.

समजा, म्हैसूरजवळच्या बन्नूरहून तुम्हाला पुण्याला सायकल पाठवायची आहे. वाटेत ती अनेकदा चढणार-उतरणार, तिच्यावर दुसरा माल पडणार. म्हणून सायकलच्या दुकानातून नव्या सायकलीचा रिकामा खोका आणा. पुढचं चाक, हँडल, सीट, पेडल काढा. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं. ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटतं. फोर्कच्या दोन टोकांमध्ये लाकडाचा तुकडा घट्ट बसवा, नाहीतर वजनाने ती आत दबतात. मागचा डिरेल्युअर सोडवून, कापडात गुंडाळून फ्रेमच्या आत बांधा. डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये पुठ्ठा घाला. नट-बोल्ट पिशवीत भरून फ्रेमलाच बांधा. शेवटी खोका हलवून बघा. आवाज आला, तर पॅकिंग अपुरं आहे.

आता कागदपत्रं. आतले, बाहेरचे फोटो काढा. खरेदीची पावती जपा. बुकिंगच्या कागदावर सायकलची किंमत लिहून घ्या. रस्ते वाहतुकीच्या 2011 च्या नियमांनुसार, जास्त किंमत जाहीर करून जादा आकार भरला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरतीच असते. म्हणजे भाडं 600 रुपये असेल, तर 30,000 च्या सायकलीला जास्तीत जास्त 6,000!

माल घेताना खोका फाटलेला दिसला, तर सही करण्याआधी पोच पावतीवर तसं लिहा. त्याच्यासमोर उघडून फोटो काढा. खोका फेकू नका. दुकानातून दुरुस्तीचा लेखी अंदाज घ्या.

मग लेखी नोटीस. रस्ता वाहतूक कायदा, 2007 प्रमाणे ती बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांत द्यावी लागते. माल मिळाल्यापासून नव्हे, हे लक्षात ठेवा. रेल्वे पार्सलला ही मुदत सहा महिने आहे. फोनवरची तक्रार नोटीस ठरत नाही. स्पीड पोस्टाने पाठवा.

कुरियर किंवा ट्रान्सपोर्टवाल्याने दाद दिली नाही, तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे. ग्राहक आयोगात तक्रार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत करता येते. पाच लाखांपर्यंत शुल्कही नाही. त्यासाठी बन्नूरला परत जावं लागत नाही. मात्र फोटो, पावती आणि ती सही हाताशी हवी.