दंशापासून दवाखान्यापर्यंत

(पावसाळ्यापूर्वी सरपंच, ग्रामसेवक व शिक्षक यांच्या तालुका सभेत कोकणातील एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या दवाखान्याची वार्ता सांगावी, अशी मला सूचना आहे. ती थोडक्यात सांगतो. जलसंजीवनीची पाकिटे प्रत्येक आशाताईंकडे पोहोचली आहेत. विहिरींत टाकावयाची टीसीएल पावडर कोरड्या जागी, झाकण लावून ठेवावी. ओल धरलेल्या पावडरीचा विहिरीला काहीही उपयोग होत नाही. लावणीच्या दिवसांत ताप, अंगदुखी आणि विशेषतः पोटऱ्या दुखत असतील, तर तो साधा ताप समजून घरी काढू नये. लेप्टोची शंका घेऊन त्याच दिवशी दवाखान्यात यावे. एवढे सांगून उरलेला वेळ मी एकाच विषयाला देणार आहे. तो विषय म्हणजे सर्पदंश.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. गणपतीचे दिवस होते. सकाळी नऊच्या सुमारास डोंगरावरील एका वाडीतून एक बाई आपल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलाचे पोट दुखत होते, घसा धरला होता. अंगावर जखम नाही, सूज नाही. सणाचे खाणे बाधले असेल असे समजून मी पोटदुखीचे औषध दिले व त्याला बाकावर बसविले. अर्ध्या तासाने आमच्या परिचारिकाताई आत आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, हा पोरगा पेंगत नाहीये. त्याच्या पापण्याच वर उचलत नाहीत." मग मी जो प्रश्न आधी विचारावयास हवा होता तो विचारला : रात्री मुलगा कोठे निजला होता? घरी पाहुणे आले होते, म्हणून तो पडवीत जमिनीवर निजला होता. रात्री दोनला उठून कानामागे काहीतरी चावले असे तो म्हणाला होता. मुंगी असेल म्हणून आईने त्याला थोपटून निजविले. पहाटे पोटात कळा सुरू झाल्या, तेव्हा त्याला प्रथम भगताकडे नेले आणि तेथून आमच्याकडे आणले.

तो दंश मण्याराचा होता. लस सुरू करून आम्ही त्याला रुग्णवाहिकेत घातले. वाटेत त्याचा श्वास मंदावला, तेव्हा परिचारिकाताई आणि मी आळीपाळीने हातातील पिशवी दाबून रुग्णालय येईपर्यंत त्याला श्वास देत राहिलो. तेथे काही दिवस तो यंत्रावर होता. मुलगा वाचला. परंतु रात्री दोनपासूनचा हिशेब मी अनेकदा मांडतो. सात-साडेसात तास गेले आणि त्यांतील अर्धा तास माझ्या बाकावर गेला. म्हणून मी येथे कोणाला दोष देण्यासाठी उभा नाही.

मण्याराचे हेच वैशिष्ट्य आहे. तो रात्री फिरतो, जमिनीवर निजलेल्या माणसाला चावतो, आणि चावल्याची खूणही पुष्कळदा सापडत नाही. पहाटेची पोटदुखी, जड झालेल्या पापण्या, गिळताना होणारा त्रास, बोबडे बोलणे ही लक्षणे दिसली की साप पाहिला असो वा नसो, गाडी काढावी. नागाच्या विषानेही असाच श्वास थांबतो. मात्र तेथे वेदना आणि सूज असते. घोणस आणि फुरसे यांचा प्रकार निराळा आहे. त्यांच्या विषाने रक्त गोठेनासे होते. हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाते. घोणसीच्या दंशात मूत्रपिंडेही निकामी होतात. आपल्या कातळावर आणि चिरेखाणीत फुरसे मुबलक आहे. ते वीतभर दिसते म्हणून त्याला क्षुल्लक समजू नये.

रक्त गोठते की नाही हे पाहण्यास मोठी प्रयोगशाळा लागत नाही. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन ती २० मिनिटे न हलविता ठेवावयाची आणि मग तिरपी करून पाहावयाची. रक्त पाण्यासारखे वाहिले, तर विष अंगात भिनले आहे. ही चाचणी आमच्या केंद्रात होते. रुग्णाचे नातेवाईक "नुसते बसवून ठेवले आहे" म्हणून रागावतात, तेव्हा बहुधा आम्ही त्या २० मिनिटांची वाट पाहत असतो.

लसीविषयीही थोडे सांगितले पाहिजे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांचे विष अल्प प्रमाणात घोड्याला टोचून त्याच्या रक्तातून ही लस तयार करतात. आपल्या मुंबईच्या हाफकिनचे नाव या कामाशी जोडलेले आहे. लसीसाठी लागणारे विष पुरविण्यात तामिळनाडूतील इरुला जमातीच्या सापधऱ्यांच्या सहकारी संस्थेचा मोठा वाटा राहिला आहे. ही संस्था १९७८ साली स्थापन झाली. साप हा ज्यांचा पिढीजात व्यवसाय, त्यांनीच तो सहकारी तत्त्वावर आणला, हे आपल्या सहकारी चळवळीने लक्षात घेण्याजोगे आहे. लसीची पहिली मात्रा साधारणतः १० कुप्यांची असते आणि ती मुलाला व मोठ्या माणसाला सारखीच द्यावी लागते, कारण साप समोरचे वय पाहून विष कमी करीत नाही. विषबाधेचे लक्षण नसेल, तर लस देत नाहीत. रुग्णाला २४ तास नजरेखाली ठेवतात. लसीची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून ती दवाखान्यातच घ्यावी लागते.

आता भगताविषयी. धामण, दिवड, कवड्या हे बिनविषारी साप चावलेला माणूस मंत्राने बरा होतो, तसा तो मंत्राविनाही बरा झाला असता. विषारी सापही प्रत्येक वेळी पुरेसे विष सोडतोच असे नाही. त्यामुळे भगताच्या खात्यावर यश पुष्कळ जमा होते. ते खोडून काढीत बसण्यात अर्थ नाही. मी आमच्या भागातील एका वृद्ध भगतांना एवढेच म्हणालो की, "बाबा, मंत्र म्हणा, पण गाडीत बसून म्हणा." त्यांनी ते मानले. त्यानंतर दोनदा ते स्वतः रुग्णाबरोबर आमच्याकडे आले.

घरच्या उपचारांत सर्वाधिक हानी होते ती दोरीने आवळून बांधण्यामुळे. घोणस, फुरसे, नाग यांच्या विषाने मांस सडते. त्यात रक्तपुरवठा बंद केला, तर हात किंवा पाय गमवावा लागतो. ब्लेडने कापणे, रक्त चोखणे, बर्फ लावणे, कोंबडी लावणे यांपैकी काहीही करू नये. मोडलेल्या हाडाला देतो तसा फळीचा आधार देऊन अवयव स्थिर ठेवावा. अंगठी, बांगड्या, पैंजण सूज येण्यापूर्वी काढावे. रुग्णाला चालवू नये, धीर द्यावा. साप मारून आणण्याची आवश्यकता नाही. त्या खटाटोपात दुसऱ्यालाही दंश होतो.

विंचवासंबंधी एकच सांगतो. मोठ्या काळ्या इंगळीपेक्षा लहान तांबडा विंचू घातक असतो. दंशानंतर घाम, उलट्या, थंडगार हातपाय दिसले, विशेषतः मुलांत, तर नुसत्या वेदनेवर उपचार करीत बसू नये. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडच्या परिसरात काम करताना या लक्षणांचे हृदयाशी असलेले नाते ओळखले आणि रक्तदाबावरील प्राझोसिन या स्वस्त गोळीने पुष्कळ जीव वाचविले. १९८२ व १९८६ साली त्यांचे लेख इंग्लंडच्या 'लॅन्सेट'मध्ये आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या कामाची सुरुवात आपल्यासारख्याच एका प्राथमिक आरोग्य केंद्रात झाली, हे आमच्या तरुण सहकाऱ्यांना मी नेहमी सांगतो.

देशाचा विचार केला, तर २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले, आणि बहुतेक खेड्यांतले. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये जाहीर केला. परंतु आराखडा वाडीवर पोहोचावयाचा तर रस्ता आपल्यालाच दाखवावा लागेल.

नेपाळच्या तराईत हा प्रश्न फार साध्या मार्गाने हाताळला गेला. गावोगावी मोटारसायकलवाल्या स्वयंसेवकांची यादी केली. दंश झाला की चालक पुढे, रुग्ण मध्ये आणि त्याला धरून तिसरा माणूस मागे, अशी मोटारसायकल तडक उपचार केंद्राकडे सुटे. त्याबरोबर लोकशिक्षणही केले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, तेथे दंश झालेल्यांपैकी दगावणाऱ्यांचे प्रमाण शेकडा १०.५ वरून ०.५ वर आले. औषध तेच होते. बदलला तो मधला वेळ. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आपल्याकडे आहेच, तिला फोन करावाच. परंतु आपल्या कित्येक वाड्यांवर ती चढत नाही. तेथून डांबरी रस्त्यापर्यंतची व्यवस्था गावाने करावयाची आहे. खाडीपलीकडील वाड्यांनी मोटारसायकलऐवजी होडीवाल्याचे नाव द्यावे, आणि रात्री होडी कोठे बांधलेली असते तेही लिहावे.

गुरुजनांना विनंती अशी की, मुलांना साप ओळखावयास शिकविण्यापेक्षा आधी झोपेविषयी शिकवा. खाट नसेल, तर मच्छरदाणी अंथरुणाखाली चारी बाजूंनी नीट खोचावी. तीच मण्याराविरुद्धचा उत्तम अडसर आहे. रात्री बाहेर पडताना विजेरी घ्यावी. सरपणाची रास घराच्या भिंतीला लागून रचू नये. लावणीत बूट घालता येत नाहीत हे मी जाणतो; पण कापणीला आणि काजूच्या बागेत पातेरा गोळा करताना ते घालता येतात.

सरपंचांकडे माझी एक वेगळी मागणी आहे. आमच्याकडे लसीच्या किती कुप्या शिल्लक आहेत, हे आपण दर महिन्यास येऊन विचारावे. हा आपला अधिकार आहे. विचारणारे असले की आमची मागणीही वेळेवर वर जाते. कोणी विचारले नाही की ती कागदावर राहते, हे मी अनुभवाने सांगतो. येत्या सोमवारपासून हा आकडा केंद्राच्या दारावरील फलकावर रोज खडूने लिहिला जाईल.

वाडीनिहाय चालकांची नावे व दूरध्वनी क्रमांक मृगापूर्वी हवे आहेत. त्यासाठी तालुक्याला हेलपाटा घालू नये. लसीकरणाच्या दिवशी आमच्या आरोग्यसेविका गावात येतील, त्यांच्या हाती याद्या द्याव्यात. एक प्रत शाळेच्या भिंतीवर लावावी, आणि ज्याची गाडी नादुरुस्त असेल त्याचे नाव खोडून दुसरे लिहावे.