आपलं मत कुणाच्या खिशात नाही

(सेनगाव येथे नवमतदारांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



दोस्तांनो आणि बहिणींनो, निवडणूक आली की आपल्याबद्दल एक वाक्य ठरलेलं असतं: "मुसलमानांचं मत एकगठ्ठा पडतं." टपरीवर तेच, टीव्हीवर तेच आणि आपल्या मोहल्ल्यातही तेच. मग त्या गठ्ठ्याचा सौदा करणारेही तयार होतात. आज मी फक्त आपल्या भागाचे आकडे समोर ठेवतो.

आपला सेनगाव तालुका हिंगोली विधानसभा मतदारसंघात येतो. हिंगोली लोकसभेत असे सहा मतदारसंघ आहेत: हिंगोली, कळमनुरी, वसमत, नांदेड जिल्ह्यातले किनवट आणि हदगाव, यवतमाळमधलं उमरखेड. इथून २००४ ला राष्ट्रवादी जिंकली, २००९ ला शिवसेना, २०१४ ला काँग्रेस, २०१९ ला पुन्हा शिवसेना, २०२४ ला उद्धव ठाकरे यांची शिवसेना. या पाचही वेळा खासदार बदलला. हा भाग कुणाचा बालेकिल्ला आहे, सांगा बरं!

२०१४ बघा. मोदी लाटेत महाराष्ट्रात काँग्रेसच्या फक्त दोन जागा आल्या, नांदेड आणि हिंगोली. राजीव सातव इथून १,६३२ मतांनी निवडून आले. सहा मतदारसंघांत वाटले तर प्रत्येकी २७२ मतं. आपल्या एखाद्या गल्लीत तेवढे मतदार असतात. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हिंगोली विधानसभेवर भाजपचे तानाजी मुटकुळे आले. सातवांनी हरवलेले सुभाष वानखेडे २०१४ ला धनुष्यबाणावर होते, २०१९ ला तेच हात घेऊन उभे राहिले. म्हणजे मतदारच फिरतो असं नाही, उमेदवारही फिरतो.

२०२४ त्याहून बोलकं आहे. लोकसभेला मशालीचे नागेश पाटील आष्टीकर लाखाहून जास्त मतांनी जिंकले. नोव्हेंबरमध्ये विधानसभा झाली, तर त्याच सहाच्या सहा जागा महायुतीकडे गेल्या. लोकसभेला हरलेले बाबुराव कदम कोहळीकर हदगावमधून आमदार झाले. सात महिन्यांत एवढा फरक! तेव्हा "या समाजाचा कल असाच असतो" असं छातीठोक सांगणाऱ्याला विचारा, कोणत्या महिन्यातला कल?

कुणी म्हणेल, हे सगळ्यांचं झालं, मुसलमानांचं काय? मतयंत्रात धर्माचा रकाना नसतो. जे सांगितलं जातं तो अंदाज असतो, आणि अंदाज सांगणाऱ्याचा त्यात काही हेतू असू शकतो.

हा शिक्का फक्त आपल्यावर बसत नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यात डिअरबॉर्न नावाचं शहर आहे. वस्ती लाखाच्या थोडी वर, निम्म्याहून जास्त लोक अरब वंशाचे. २०२० ला तिथे बायडेन यांना मोठी आघाडी मिळाली. डेमोक्रॅटिक पक्षाने ती मतं धरूनच ठेवली. मग गाझाचं युद्ध आलं. २०२४ ला तिथे ट्रम्प यांना सुमारे ४२ टक्के, कमला हॅरिस यांना ३६ आणि जिल स्टाइन यांना १८ टक्के मतं पडली. संताप एकच होता, पण मतं तीन ठिकाणी गेली. कुणी बरोबर केलं, कुणी चूक, हा वाद तिथे आजही चालतो. पण गृहीत धरलेलं माणूस गृहीत राहत नाही, एवढं नक्की.

आता आपल्या कामाचं. निकालानंतर केंद्रनिहाय मतं 'नमुना २०' मध्ये जाहीर होतात. ती वाचायला शिका. पण पुढारीही तेच वाचतात. "तुमच्या बूथवर आम्हाला मतं नाहीत, मग नालीचं काम कसं होणार?" हे त्यातूनच येतं. अनेक यंत्रांची मतं एकत्र मोजणारं टोटलायझर वापरावं, असं निवडणूक आयोगाने २००८ मध्येच सुचवलं होतं. ते अजून आलं नाही. तोवर त्या पुढाऱ्याला शांतपणे सांगा, नाली मत देणाऱ्याच्याच नाही, न देणाऱ्याच्याही दारातून जाते.

दुसरं काम यादीचं. आपली नावं कागदोपत्री कशी होतात, तुम्हाला माहीत आहे. शेखचं 'शे.', अब्दुलचं 'अ.', मोहम्मदचं 'मो.' आधारवर एक, यादीत दुसरं. लग्न होऊन आलेल्या मुलीचं नाव माहेरच्या यादीत राहतं. कामासाठी पुण्याला, हैदराबादला गेलेल्याचं नाव आहे की गेलं, घरच्यांनाही ठाऊक नसतं. नवीन नावासाठी नमुना ६, दुरुस्ती किंवा पत्ता बदलायला नमुना ८. वर्षात चार तारखा धरल्या जातात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झाले की आगाऊ अर्ज करता येतो. आपल्या बीएलओचा नंबर मोबाइलमध्ये हवा.

कुणाला मत द्या, हे मी सांगणार नाही. मशिदीच्या पायरीवरून, जातीच्या बैठकीतून किंवा कुणाच्या गाडीतून जो आदेश येईल, तो ऐका, त्याला दोन प्रश्न विचारा आणि मग स्वतः ठरवा. घरातल्या बायकांनाही त्यांचं त्यांना ठरवू द्या. नवऱ्याचं मत ते बायकोचं मत, हाही एक गठ्ठाच आहे.

हिंगोलीचा खासदार एकदा १,६३२ मतांनी ठरला. त्यामुळे एका मताने काय होतं, हे निदान इथे तरी कुणी विचारू नये.

जय संविधान.